कूलरजवळची चप्पल

मार्च लागला की आमच्या नागपुरात माळ्यावरून, गच्चीवरून, जिन्याखालून कूलर बाहेर निघतात. दोघांनी धरायचं आणि तिसऱ्यानं नुसतं "सांभाळून, सांभाळून" ओरडायचं, अशी ती मिरवणूक असते. वर्षभर अंगावर पांघरलेली जुनी साडी काढली की आत पालींचे संसार मांडलेले. मग मागच्या वर्षीच्या कुजक्या ताट्या उपसायच्या, वाळ्याच्या नव्या बसवायच्या, गंजलेल्या टाकीला आतून डांबर फासायचं, मोटर पाणी चढवते का ते पाहायचं. पहिल्या दिवशी पाणी सोडलं की ओल्या वाळ्याचा वास घरभर होतो. या वासानं इथली माणसं हळवी होतात. मीही व्हायची. आता तो वास शेजारच्या घरातून आला की मी खिडकी लावून घेते.

मी सक्करदऱ्याच्या पुढच्या वस्तीत एका शाळेत विज्ञान शिकवते. सहावी ते दहावी. दर शनिवारी सकाळच्या शाळेत आमचा 'उपक्रम' असतो, आणि त्याचा उरलेला भाग मुलांनी घरी करून पुढच्या शनिवारी सांगायचा असतो. उपक्रम हा शब्द ऐकला की पालकांच्या कपाळाला आठी पडते, कारण बहुतेक शाळांत तो पालकच करतात. थर्माकोलचा ज्वालामुखी, कापसाचे ढग, आणि मुलाच्या नावाखाली बापाचं वळणदार अक्षर. स्टेशनरीच्या दुकानात तर तयार सूर्यमाला मिळते, शनीच्या कड्यासकट. मला त्याचा तिटकारा आहे. माझा नियम साधा होता. घरात असेल त्यातूनच करायचं आणि स्वतः करायचं. हळद लावलेल्या कागदावर साबणाचं पाणी टाका, लाल होतो का पाहा. माठातलं पाणी आणि स्टीलच्या पिंपातलं पाणी पिऊन पाहा, वेगळं का लागतं ते शोधा. मटकीला मोड आणा, अर्धी अंधारात ठेवा. शनिवारी वर्गात पिवळ्या बोटांची, कांद्याच्या वासाची, बाटलीत मुंगळे घेऊन आलेली मुलं बसायची, आणि त्या गोंधळात मी खरंच खूश असायची. खोटं कशाला बोलू, माझ्या नोकरीतलं तेवढंच मला आवडत आलं आहे.

गेल्या उन्हाळ्यातल्या एका शनिवारी आठवीला मी वीज शिकवत होते. प्लगची तिसरी जाड पिन कशासाठी, तर कूलरच्या लोखंडी अंगात चुकून करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता तारेतून सरळ जमिनीत जावा यासाठी. याला अर्थिंग म्हणतात. मुलं माना डोलवत होती, म्हणजे ऐकत नव्हती. मग मी विचारलं, "कोणाच्या घरचा कूलर शॉक देतो?"

अर्धा वर्ग हसायला लागला आणि हात वर झाले.

"मॅडम, आमच्या कूलरले हात लावला का झिणझिण्या येते."

"आमचा तं पाणी कमी झालं का जास्त देते मॅडम."

"आमच्या इथं कूलरजवळ चप्पलच ठेवली हाये. पाणी भराची चप्पल."

या शेवटच्या वाक्यावर कोणी हसलं नाही, कारण त्यात त्यांना हसण्यासारखं काही वाटलंच नाही. मी खोदून विचारत गेले तसं कळलं की कितीतरी घरांत ही व्यवस्था आहे. कूलरच्या शेजारी भिंतीला लागून रबरी चपलांचा एक जोड. तो कोणी बाहेर घालून जात नाही. ज्याला पाणी भरायचं त्यानं ती पायात सरकवायची, पाइप टाकीत सोडायचा, टाकी भरली की चप्पल पुन्हा जागेवर. देवघराजवळ सोवळं ठेवावं तशी. कूलर शॉक देतो हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक, म्हणून वायरमनला नाही बोलवलं, चप्पल आणून ठेवली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्या दिवशी मी मुलांना घरचा अभ्यास दिला: कूलरला हात लावायचा नाही, फक्त पाहायचं. प्लगला पिना किती, वायरला चिकटपट्टी कुठे गुंडाळली आहे, पाणी भरताना कूलर चालू असतो की बंद. आणि घरच्यांना सांगायचं, की पाणी भरताना बटन बंद करा, प्लग काढा, मगच पाइप लावा.

पुढच्या शनिवारी सगळ्यांनी सांगितलं आणि बहुतेकांनी विषय सोडून दिला. प्रणालीनं सोडला नाही.

प्रणाली तिसऱ्या बाकावर बसणारी, किडकिडीत, बोलताना नजर खाली ठेवणारी आणि एकदा धरलं की न सोडणारी मुलगी. तिचे वडील मिहानच्या औद्योगिक भागातल्या एका गोदामात रात्रपाळीला. सकाळी घरी येत, दोन घास खात आणि दुपारभर झोपत. घर दोन खोल्यांचं, वर टिन. आमच्या एप्रिलमधल्या दुपारी टिनाखाली काय होतं हे ज्यानं भोगलं त्यालाच ठाऊक. भिंतीला पाठ टेकवत नाही, आणि नळाच्या पहिल्या पाण्यानं हात भाजतो. तिथं कूलर म्हणजे चैन नव्हे. तिच्या वडिलांची झोप त्या कूलरवर होती, आणि त्या झोपेवर नोकरी होती. भर दुपारी टाकी रिकामी व्हायची. मग तिची आई चप्पल घालून चालू कूलरमध्येच पाणी भरायची.

"बंद काहून नाही करत?" मी विचारलं.

"बाबा उठतात, मॅडम."

"गरमीनं?"

"नाही. आवाज थांबला का उठतात. मग ओरडतात."

हे मला पटलं, कारण कूलरच्या घरघरीत झोपायची सवय झालेल्या माणसाला शांतता टोचते. आमच्याकडेही लाइट गेली की घर आवाजानं नाही, आवाज गेल्यानं जागं होतं.

त्यानंतर प्रत्येक शनिवारी ती माझ्या टेबलाजवळ येऊन उभी राहायची. आईला सांगितलं, आईनं एकदा बंद केला, बाबा उठले, भांडण झालं. मग तिनं सुचवलं की बाबा झोपायच्या आधी टाकी काठोकाठ भरायची. पण ऊन असं की ती दुपार गाठत नव्हती. वायरमनला बोलवा म्हटलं तर बाबा म्हणाले, सुट्टीच्या दिवशी पाहू. सुट्टीच्या दिवशी ते झोपले. मग तिनं मला विचारलं, "मॅडम, बंद न करता भराची काही आयडिया हाये का?" मी म्हटलं, नाही. बंद करूनच भरायचं, दुसरा मार्ग नाही. ती मान हलवून जागेवर गेली. विज्ञानात घासाघीस चालत नाही, हे मी तिला शिकवलं होतं. घरी मात्र तिला रोज तीच करावी लागत होती.

तिची आई एकदा मला शाळेच्या फाटकात भेटली. उंच, हसरी बाई, खांद्याला ब्लाउजपीसची पिशवी. ती शिवणकाम करायची. मला पाहून आधीच हसायला लागली.

"मॅडम, तुमच्या पोरीनं डोकं खाल्लं वं माझं. सकाळ नाही, संध्याकाळ नाही. बंद कर, बंद कर."

"मग करत काहून नाही तुम्ही?"

"कसं करू? हे रातभर गोदामात पाठीवर बोरे उचलून येतात. दुपारी तेवढाच जीव पडते त्याईचा. उठवू का मी?" मग माझा चेहरा पाहून तिनं माझा हात धरला. "मी चप्पल घालते ना मॅडम. तुम्ही नोका काळजी करू."

एवढं प्रेमानं कोणी समजावलं तर काय बोलणार? तरी मी बोलले. फटकळ बाई म्हणून माझं नाव आहेच. चपलेनं शॉक टळत नाही, हे तिला उन्हात उभं करून सांगितलं. ती "हो मॅडम, हो मॅडम" म्हणाली. ते 'हो' कसलं असतं ते मला ठाऊक आहे. माझी सासू डॉक्टरला तसंच 'हो' म्हणायची.

पुष्कळदा मला वाटतं, आपण शाळावाले किती विचित्र काम करतो. नव्या गोष्टी घरी पोचवायला आपण टपाल म्हणून मुलांना वापरतो. हात धुवा, पाणी उकळा, कचरा जाळू नका, कूलर बंद करा. घरात ज्याचा शब्द सगळ्यात हलका, त्याच्या तोंडून सगळ्यात जड गोष्ट सांगायला लावतो. तेरा वर्षांची मुलगी बापाच्या झोपेपुढे कोण? तिनं जास्त धरलं तर उद्धट, सोडलं तर विसरभोळी. आणि आपण शनिवारी वर्गात विचारणार, "केला का गं घरचा अभ्यास?"

शाळा सुटायला थोडे दिवस राहिले होते. पेपर झाले होते, मुलं निकालाच्या तोंडावर असतात तशी सैल झाली होती. एका सोमवारी प्रणालीच्या गल्लीतली एक मुलगी प्रार्थनेच्या आधीच माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मॅडम, प्रणालीची मम्मी गेली. कूलरचा शॉक लागला." एवढंच. मी तिला पुन्हा विचारलं नाही. मी प्रयोगशाळेत गेले आणि कपाटाला टेकून उभी राहिले. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो कोणावर काढावा हे कळत नव्हतं. माझं काही चुकलं नव्हतं, मुलीचं तर अजिबात नाही. तेच तर वाईट होतं. सगळं नीट शिकवलं होतं, नीट शिकलं होतं, नीट सांगितलं होतं.

मी तिच्या घरी बसायला गेले तेव्हा अंगणात कापड ताणलं होतं आणि बायका भिंतीच्या सावलीला सरकून बसल्या होत्या. खिडकीतला कूलर काढून टाकला होता. तिथं चौकोनी भोक आणि त्यातून येणारी झळ. प्रणाली कोपऱ्यात गुडघे धरून बसली होती. मी तिच्याजवळ बसले. ती माझ्याकडे न पाहता म्हणाली, "मॅडम, चप्पल होती पायात."

मग हळूहळू तिनं सांगितलं. आईचा एक हात पाइपवर, कूलरच्या पत्र्याला टेकलेला. दुसऱ्या हातानं तिनं तोल सांभाळायला खिडकीचा लोखंडी गज धरला होता. भिंत ओली होती. करंट एका हातातून आला, दुसऱ्या हातातून गेला. पायापर्यंत आलाच नाही. तिनं हे मला वर्गात उत्तर द्यावं तसं सांगितलं, पायरी पायरीनं, आणि शेवटी माझ्याकडे पाहिलं, बरोबर ना, असं. मी मान हलवली.

ती तेव्हा आतल्या खोलीत होती. धप्प आवाज आला म्हणून धावली. आई खाली, पाइप वाहतो आहे, कूलर चालू. ती आईकडे गेली नाही. ती उलटी फिरली, पाण्यात पाय न टाकता बोर्डापर्यंत गेली, बटन बंद केलं, प्लग ओढला, आणि मग आईला हात लावला. आधी वीज तोडा, मग माणसाला शिवा. हेही मीच शिकवलं होतं, एका शनिवारी, एका मुलाला जमिनीवर झोपवून, सगळा वर्ग खिदळत असताना.

मी उठायच्या बेतात होते तेव्हा मागच्या बायकांचं बोलणं कानावर आलं. कोणी आत्या होती की मावशी, मला माहीत नाही.

"आई तडफडून राहिली अन् पोरगी बटनाकडे पळाली म्हणते. काय वं काळीज म्हणावं आताच्या लेकरांचं."

"आईकडे पहिले जाते माणूस."

प्रणालीला हे ऐकू गेलं होतं. तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की हे ती पहिल्यांदा ऐकत नव्हती. रागात माझी पुस्तकी भाषा सुटते. मी त्या मयताच्या घरी, सगळ्यांसमोर ओरडले. "बटनाकडे पळाली म्हणून या घरात एकच फोटो हाये. आईकडे पळाली असती तं दोन लावा लागले असते. समजलं का? अन् आज हिच्या बापानं दोघींले खांदा दिला असता." एकीनं पदर तोंडाला लावला. मला वाटतं त्यांना मी समजले नाही, त्या फक्त घाबरल्या. वडील दारात भिंतीला डोकं टेकून बसले होते. त्यांनी ऐकलं की नाही, तेव्हा कळलं नाही.

बैल गेला अन् झोपा केला. त्या आठवड्यात वस्तीतल्या सगळ्यांनी वायरमनला बोलावलं. बिचारा एका घरातून दुसऱ्या घरात घामानं निथळत फिरत होता, लोक त्याला सरबत पाजत होते. मी तिथून स्कूटरवर जाताना पाहायची, दारोदार नव्या तारा, नवे प्लग. आणि तरी उन्हाळा सरायच्या आत एका ओसरीवर मला कूलरच्या पायाशी तो रबरी जोड पुन्हा दिसला. माणूस भीती विसरतो, सवय विसरत नाही. मी थांबून त्या घरच्या माणसाला बोलले. तो म्हणाला, "हो मॅडम, हो मॅडम."

जूनच्या शेवटी शाळा भरली तेव्हा प्रणाली नववीत येऊन बसली. तिसऱ्याच बाकावर. मला वाटलं होतं, ही आता विजेच्या धड्याला बाहेर जायचं म्हणेल. तसं काही झालं नाही. तारा जोडणं, सेल बसवणं, बल्ब पेटवणं, सगळं ती न चुकता करायची, गटातल्या मुलांना आधी हात पुसायला लावायची. फक्त तिचं काम झालं की ती ताबडतोब सेल काढून बाजूला ठेवायची, बाकीचे बल्ब पाहून टाळ्या वाजवत असले तरी. तिचा डबा आता तीच करून आणते. पोळ्या जाड असतात. मला हे दिसतं, आणि कधी कधी मी माझ्या डब्यातली भाजी तिच्या झाकणात टाकते, ती "नोको मॅडम" म्हणते आणि खाते.

यंदा मार्च लागला तसे हेडसर मला म्हणाले, "मॅडम, आठवीचा तो कूलरचा उपक्रम या वर्षी राहू द्या. पोरीच्या जिवाला लागेल." माणूस भला आहे, मनापासून बोलत होता. मी प्रणालीलाच विचारलं. ती म्हणाली, "द्या मॅडम. पण चप्पलचं पहिले विचारा. पिना मंग." मी दिला. हात वर झाले. वर्ग हसला. चप्पल अर्ध्या घरांत होती.

आणि परवा पालकसभा झाली. प्रणालीचे वडील रात्रपाळीवरून सरळ आले होते, अंगावर गोदामाचा शर्ट, डोळे तांबारलेले. तिचे मार्क चांगले होते, बोलण्यासारखं फार नव्हतं. तेवढ्यात तीच पुढे सरकली.

"मॅडम, तुम्ही सांगा ना बाबाले. अर्थिंग केलं, नवीन वायर टाकली, नवीन मोटर आणली. मी टेस्टर लावून पाहिलं. तरी कूलर लावू देत नाही. ओला टॉवेल घेऊन झोपतात टिनाखाली. झोपच होत नाही त्याईची. परवा कामावर चक्कर आली."

मी वर्गातल्या आवाजात समजवायला लागले. भाऊ, कूलर वाईट नसतो. आता त्यात धोका नाही. तुम्ही पडलात तर या पोरीकडे कोण पाहील? पाणी भरताना तेवढा बंद करायचा, की झालं.

त्यांनी मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. मग मुलीला म्हणाले, "तू जाय, बाहेर थांब." ती गेली.

"बंद झाला का मले जाग येते, मॅडम," ते म्हणाले.

"येऊ द्या ना भाऊ. पुन्हा झोपा."

"त्या दिवशी बी आली." त्यांनी हाताच्या मुठीनं तोंड पुसलं. "आवाज थांबला तशी जाग आली. मी डोळे बी नाही उघडले मॅडम. झोपल्या झोपल्याच ओरडलो, कोणं बंद केला? तं ही म्हणते, मी केला, बाबा. आता तुम्ही उठा."